क्युलेक्सवर न चालणारं क्राय४बीए चालतं करायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीटीआय जिवाणूतलं क्राय४बीए हे प्रथिन एडिस आणि अ‍ॅनाफिलीस डासांच्या अळ्या मारतं, पण गटारात वाढणाऱ्या क्युलेक्सच्या अळ्यांना त्याचं काही होत नाही. प्रथिनात बदल करून ते क्युलेक्सवर चालवता येईल का, आणि साध्या विद्यापीठीय प्रयोगशाळेत हे काम कसं उभं करावं?

चालवता येतं, आणि ते वीस वर्षांपूर्वीच करून झालंय. पण बहुतेकांचा अंदाज नेमका उलटा असतो. त्यांना वाटतं, जनुकात बदल करणं अवघड आणि पुढचं सोपं. प्रत्यक्षात जनुकातला बदल दोन-तीन आठवड्यांत हाती येतो. बदललेलं प्रथिन खरोखरच जास्त मारतं, आणि ते बदलामुळेच मारतं, हे दाखवण्यात वर्ष जातं. म्हणून या उत्तराचा मोठा भाग मोजमापाबद्दल आहे.

आधी पार्श्वभूमी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, म्हणजेच बीटीआय, १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका साचलेल्या डबक्यात सापडला. बीजाणू तयार होताना तो पेशीत प्रथिनांचा एक स्फटिक साठवतो. त्यातली मुख्य विषारी प्रथिनं चार: सुमारे १३० किलोडाल्टनची (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं माप) क्राय४एए आणि क्राय४बीए, ७० च्या आसपासचं क्राय११एए, आणि अवघं २७ चं सायट१एए. या सगळ्यांची जनुकं १२८ किलोबेसच्या एकाच प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर) बसलेली आहेत. अळी पाणी गाळून कण खाते. तिच्या आतड्याचं पीएच दहाच्या वर असतं, तिथे स्फटिक विरघळतो, पचनातली प्रोटिएज विकरं प्रथिनाची शेपटी छाटतात आणि उरलेला साधारण ६५ किलोडाल्टनचा गाभा आतड्याच्या पेशींवरच्या ग्राहक प्रथिनांना (रिसेप्टरांना) चिकटून पटलाला भोक पाडतो. या गाभ्याचे तीन भाग असतात. पहिला, हेलिक्सांचा जुडगा, भोक पाडतो. दुसऱ्या भागाच्या टोकाला तीन लूप असतात आणि ग्राहकाला पकडण्याचं बरंचसं काम त्यांच्याकडे असतं. तिसरा भाग प्रथिनाला स्थैर्य देतो आणि पकडीतही थोडाफार हातभार लावतो.

क्राय४बीए आणि क्राय४एए यांची घडण जवळपास सारखी आहे, पण क्राय४एए क्युलेक्स मारतं आणि क्राय४बीए मारत नाही. दोघांच्या दुसऱ्या भागातले लूप शेजारी ठेवून पाहिले की फरक डोळ्यांत भरतो, विशेषतः तिसऱ्या लूपमध्ये. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डीन यांच्या गटानं २००३ मध्ये हेच केलं. लूप १ आणि लूप २ ची अदलाबदल केली तर एडिस-अ‍ॅनाफिलीसवरची मूळ ताकदही गेली. तिसऱ्या लूपमध्ये मोजकी अमिनो आम्लं क्राय४एएच्या धर्तीवर बदलली, तेव्हा क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटसवरची मारकता ७०० पटींहून जास्त आणि क्युलेक्स पिपिअन्सवरची २८५ पटींहून जास्त वाढली. मूळ प्रथिनाचं एलसी५० (निम्म्या अळ्या मारणारी मात्रा) क्विंक्वेफॅसिएटसवर मिलिलिटरमागे ८०,००० नॅनोग्रॅमच्या वर होतं, ते ११४ च्या आसपास आलं. एडिस आणि अ‍ॅनाफिलीसवरची ताकद मात्र फारशी ढळली नाही.

७०० पट हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. मूळ प्रथिन क्युलेक्सवर जवळपास शून्य होतं, आणि शून्याच्या किती पट हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. तुलना करायची ती आजच वापरात असलेल्या बीटीआयच्या पूर्ण स्फटिकाशी. त्या तुलनेत एकटं सुधारलेलं प्रथिन सहसा हरतं. का, ते पुढे येईलच.

कामाला सुरुवात करताना तिसऱ्या लूपच्या आधी आर्जिनिन २०३ कडे बघा. पहिल्या भागात पाचव्या आणि सहाव्या हेलिक्समधल्या लूपवर ते बसलंय, आणि ट्रिप्सिन तिथे हमखास कात्री लावतं. त्यामुळे ६५ चा गाभा ४७ आणि २० च्या आसपासच्या दोन तुकड्यांत मोडतो. तिथे आर्जिनिनऐवजी अ‍ॅलनिन घातलं की गाभा अखंड राहतो. थायलंडच्या महिडॉल विद्यापीठातल्या मंडळींनी या जागेवर भरपूर काम केलंय. यामुळे मारकता वाढेल अशी आशा धरू नका. उपयोग हा की पुढच्या प्रत्येक बदलानंतर जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी दाखवणाऱ्या) एकच स्वच्छ पट्टा दिसतो आणि घडी बिघडली तर ती लगेच कळते. दोन्ही प्रथिनांच्या त्रिमितीय रचना प्रकाशित आहेत, क्राय४बीएची १.७५ अँगस्ट्रॉमपर्यंत. तेव्हा संगणकानं बांधलेल्या अंदाजी रचनेवर विसंबायची गरज नाही.

आता जनुक. क्राय४बीएचं जनुक साधारण ३.४ किलोबेसचं आहे. शटल व्हेक्टरमध्ये (ई. कोलाय आणि बॅसिलस दोन्हींत चालणाऱ्या वाहक प्लास्मिडमध्ये) बसवलं की प्लास्मिड दहा किलोबेसच्या आसपास जातं. एवढ्या प्लास्मिडवर थेट पूर्ण वर्तुळाचं पीसीआर करून म्युटेशन घालायला गेलात तर क्लोन कमी येतात, आणि आलेल्यांत नको तिथे चुका असतात. त्यापेक्षा लूपच्या आसपासचा ५०० ते ८०० बेसचा तुकडा छोट्या प्लास्मिडमध्ये घ्या, तिथे म्युटेशन घाला, तुकडा पूर्ण वाचून घ्या आणि मग मूळ जागी परत बसवा. प्रायमर ३० ते ४० बेसचे, बदल मधोमध, दोन्ही बाजूंना किमान १२ ते १५ जुळणारे बेस. हे जनुक ए-टीनं भरलेलं असल्यामुळे प्रायमरचं वितळण तापमान कमी पडतं. म्हणून लांबी नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवा.

मिथिलेशनचा घोळ जवळपास प्रत्येक नवख्याला एकदा तरी नडतो. पीसीआरनंतर जुना साचा नष्ट करायला डीपीएन-वन विकर लागतं, आणि ते फक्त मिथाइल लागलेलाच डीएनए कापतं. म्हणजे साचा डीएच५-अल्फासारख्या, डॅम मिथिलेशन (डॅम विकरानं डीएनएला मिथाइल लावणं) चालू असलेल्या ई. कोलायमधून काढलेला हवा. पण बॅसिलस थुरिंजिएन्सिसचं बरोबर उलटं आहे. ते मिथाइल लागलेला परका डीएनए फाडून टाकतं. तेव्हा तयार झालेलं प्लास्मिड आधी डॅम आणि डीसीएम ही मिथाइल लावणारी दोन्ही विकरं बंद असलेल्या ई. कोलायमधून एकदा फिरवून काढायचं, आणि मगच बॅसिलसमध्ये इलेक्ट्रोपोरेशननं (विजेच्या झटक्यानं) घालायचं. ही पायरी गाळली की ताटलीवर एकही वसाहत येत नाही, आणि माणूस आठवडाभर व्होल्टेज बदलत बसतो.

प्रथिन कुठे तयार करायचं? पहिल्या चाचणीला ई. कोलाय चालतं. तिथे क्राय४बीए समावेशी कणांच्या (न विरघळणाऱ्या गोळ्यांच्या) रूपात साठतं. पण दुर्मिळ कोडॉनमुळे उत्पादन कमी पडतं, म्हणून त्या कोडॉनचे टीआरएनए जादा पुरवणारा वाण घ्या. आकडे जाहीर करायचे असतील तर मात्र बीटीआयचा स्फटिकविरहित वाण ४क्यू७ वापरा. त्याची विषाची प्लास्मिडं काढून टाकलेली आहेत, त्यामुळे जे मरतं ते तुमच्याच प्रथिनानं मरतं. पीएचटी३१०१ किंवा तत्सम शटल व्हेक्टर, बॅसिलसमध्ये एरिथ्रोमायसिन २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ई. कोलायमध्ये अ‍ॅम्पिसिलिन १००. वाढ २८ ते ३० अंशांवर, जोरात हलवत, तीन ते पाच दिवस. घड्याळाकडे नाही, सूक्ष्मदर्शकाकडे बघून थांबा: ९५ टक्क्यांहून जास्त पेशी फुटून बीजाणू आणि स्फटिक सुटे झाले पाहिजेत. लवकर काढलं तर स्फटिक अर्धवट राहतात. उशीर झाला तर बॅसिलसची स्वतःचीच प्रोटिएज ते खायला लागतात.

गाळ एक मोलर मिठाच्या पाण्यानं एकदा आणि शुद्ध पाण्यानं दोन-तीनदा धुवा. पहिल्या धुण्यात एक मिलिमोलर पीएमएसएफ (प्रोटिएज थांबवणारं रसायन) घाला. ते पाण्यात लवकर निकामी होतं, म्हणून ऐन वेळी घालायचं. शुद्ध स्फटिक हवे असतील तर ६७, ७२ आणि ७९ टक्के साखरेच्या थरांवर फिरवून वेगळे काढता येतात. मात्र बदललेल्या प्रथिनाचे स्फटिक कधीकधी आकारानं लहान आणि वजनानं हलके होतात, आणि मूळ प्रथिनाच्या थरात सापडत नाहीत. थर रिकामा दिसला म्हणून प्रथिन बनलंच नाही असं धरू नका.

पुढची पायरी कधीही गाळू नका. थोडे स्फटिक ५० मिलिमोलर सोडियम कार्बोनेटमध्ये (पीएच १०.५, दहा मिलिमोलर डीटीटीसह) ३७ अंशांवर तासभर विरघळवा, वस्तुमानाच्या विसाव्या हिश्शाएवढं ट्रिप्सिन घाला आणि जेलवर चालवा. मूळ प्रथिनासारखाच ६५ चा पट्टा आला तर घडी शाबूत आहे. पट्टे विस्कटले, किंवा सगळं वितळून लहान तुकडे झाले, तर तो बदल तिथेच सोडून द्या. ‘लूप १ बदलल्यावर मारकता गेली, म्हणून लूप १ ग्राहकाला धरतो’ असा निष्कर्ष काढणाऱ्या कित्येक प्रबंधांत हे जेल नसतंच. घडी मोडलेलं प्रथिन आतड्यात पोचताच पचून जातं. त्यावरून ग्राहकाबद्दल काहीही कळत नाही.

आता अळ्यांवरची चाचणी. चाचणी अखंड स्फटिकांनीच करा, विरघळवलेल्या प्रथिनानं नको. अळी कण गाळून पोटात साठवते. पाण्यात विरघळलेलं प्रथिन तिच्या तोंडातून तसंच बाहेर जातं, आणि उत्तम विषही निकामी दिसतं. विरघळवलेलंच वापरणं भाग असेल तर ते सूक्ष्म लॅटेक्स मण्यांवर चिकटवून द्यावं लागतं.

मात्रा प्रथिनात मोजा. बीजाणूंच्या संख्येत किंवा पावडरच्या वजनात नको. दोन वाणांत एका बीजाणूमागे किती विष आहे ते सारखं नसतं. जेलवर अल्ब्युमिनचे ठरावीक पट्टे शेजारी चालवून तुमच्या पट्ट्याची घनता मोजली, तर साध्या ब्रॅडफर्डपेक्षा (एकूण प्रथिन मोजणाऱ्या रंग-चाचणीपेक्षा) जास्त विश्वासार्ह आकडा मिळतो, कारण ब्रॅडफर्ड बीजाणूंचं प्रथिनही मोजतं.

समजा तुमचं निलंबन मिलिलिटरला एक मिलिग्रॅमचं आहे. ते शंभरपट पातळ केलं की दहा मायक्रोग्रॅमचं होतं. शंभर मिलिलिटरच्या पेल्यात त्यातलं पाव मिलिलिटर घातलं की २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, अर्धा घातलं की ५०, आणि मग १, २, ४, ८ मिलिलिटरला अनुक्रमे १००, २००, ४००, ८००. आठ मिलिलिटर घालणार त्या पेल्यात पाणी ९२ मिलिलिटरच ठेवा. स्फटिक तळाला बसतात, म्हणून दर वेळी पिपेट बुडवण्याआधी नळी व्होर्टेक्सवर हलवा. हे न केल्यामुळे शेवटच्या पेल्यांना पहिल्यापेक्षा दुप्पट मात्रा जाते, आणि आलेखाचा उतार विनाकारण सपाट दिसतो. गुठळ्या असतील तर आधी थोडं सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी फोडा).

प्रत्येक पेल्यात तिसऱ्या अवस्थेच्या शेवटच्या किंवा चौथ्या अवस्थेत नुकत्याच शिरलेल्या २५ अळ्या, प्रत्येक मात्रेला चार पेले, शिवाय चार पेले विनाविषाचे. मूळ प्रथिन, बदललेलं प्रथिन आणि पाश्चर संस्थेचं प्रमाण पावडर आयपीएस-८२ (एडिस इजिप्तीवर मिलिग्रॅमला १५,००० एकक) अशी तीन द्रव्यं धरली तर एका दिवसाला १,९०० अळ्या लागतात, आणि त्याही एकाच वयाच्या. क्युलेक्सच्या अंड्यांचे पंधरा-वीस तराफे एकाच रात्रीचे हवेत. २६ ते २८ अंशांवर पाच-सहा दिवसांत त्या योग्य वयाला येतात. मोठ्या झालेल्या अळ्या घेऊ नका. कोषात जायच्या आधी त्या खाणं सोडतात, म्हणजे विष खातच नाहीत आणि ‘प्रतिकारक’ असल्यासारख्या जगतात. दहा टक्क्यांहून जास्त अळ्या कोषात गेल्या तर ती चाचणी बाद. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन घालवा, खोलीचं तापमान २५ ते २८ च्या दरम्यान राखा.

बीटीआय गटाच्या प्रथिनांसाठी मोजणी २४ तासांनी, लिसिनिबॅसिलस स्फेरिकस या दुसऱ्या जिवाणूचं ‘बिन’ नावाचं विष असेल तर (त्याबद्दल पुढे) ४८ तासांनी. टोचल्यावर हलते पण पृष्ठभागावर येऊ शकत नाही अशी अळी मेलेल्यांत धरा. विनाविषाच्या पेल्यांतली मर २० टक्क्यांवर गेली तर दिवस वाया गेला असं समजा. ५ ते २० च्या मधे असेल तर अ‍ॅबटची दुरुस्ती लावा: विषाच्या पेल्यात ६० टक्के आणि विनाविषाच्या पेल्यात ८ टक्के मेल्या असतील तर (६० − ८) भागिले (१०० − ८), म्हणजे ५६.५ टक्के. हे सगळं वेगवेगळ्या तीन दिवशी, ताज्या निलंबनानं करा आणि मग प्रॉबिट (मात्रा आणि मर यांचं सांख्यिकी विश्लेषण) लावा. दोन प्रथिनांच्या रेषा समांतर नसतील तर ‘इतकी पट’ हा आकडा लिहूच नका, कारण एलसी५० वर तो एक निघेल आणि एलसी९५ (९५ टक्के अळ्या मारणारी मात्रा) वर दुसराच. रिकामं व्हेक्टर असलेल्या ४क्यू७ चे बीजाणूही त्याच मात्रेत तपासा, नाहीतर परीक्षक पहिल्याच वाचनात तेच विचारतील.

आता एकटं सुधारलेलं प्रथिन का हरतं ते. बीटीआयची खरी ताकद मिश्रणात आहे, आणि त्या मिश्रणाचा कणा सायट१एए. एकटं ते फारसं मारक नाही. पण ते ग्राहकाशिवायच थेट पटलात घुसतं आणि मग स्वतःच क्राय११एएचं ग्राहक बनतं. क्राय११एएच्या आठव्या हेलिक्सजवळचा लूप सायट१एएवरच्या ठरावीक जागांना धरतो, आणि त्या जागा म्युटेशननं बिघडवल्या की दोघांची जोडी तुटते. म्हणून डासानं स्वतःचं ग्राहक बदललं तरी विषाला दुसरी वाट मोकळी राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रात जॉर्जिओ आणि वर्थ यांनी क्युलेक्सच्या पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या मिश्रणांवर वाढवल्या. १९९७ मध्ये त्यांनी दिलेले २८ व्या पिढीचे आकडे असे: एकट्या क्राय११एएवर प्रतिकार ९१३ पटींच्या वर, तिन्ही क्राय एकत्र दिले तेव्हा ९१ पट, आणि सायट१एए धरून चारही दिले तेव्हा अवघा ३.२ पट. सुधारलेलं क्राय४बीए सायट१एएशिवाय बाजारात आणायचा विचार मनात येईल तेव्हा हे तीन आकडे आठवा.

म्हणून माझा सल्ला असा की बदललेलं प्रथिन सायट१एएसोबत १:१ मध्येही तपासा. अपेक्षित एलसी५० असं काढतात: समजा एकाचं ४००, दुसऱ्याचं १,०००; तर १ भागिले (०.५/४०० + ०.५/१,०००), म्हणजे ५७१. प्रत्यक्षात ९५ आलं तर सहापट साहाय्य आहे. सायट१एए तयार करताना पी२० या मदतनीस प्रथिनाचं जनुक सोबत घाला. ते नसेल तर सायट१एए स्वतःच्याच यजमान पेशीला मारतं आणि ताटलीवर तुरळक वसाहती उरतात.

क्युलेक्सच तुमचं मुख्य लक्ष्य असेल तर लिसिनिबॅसिलस स्फेरिकसचं बिन विष हा आणखी एक रस्ता. त्यात ४२ किलोडाल्टनचं बिन-ए आणि ५१ चं बिन-बी समप्रमाणात लागतात. ते गटाराच्या घाण पाण्यात बीटीआयपेक्षा जास्त टिकतं, पण त्याचं ग्राहक एकच आहे: आतड्यातलं माल्टेज, सीक्यूएम१. त्या जनुकात १९ बेस गळाले की प्रतिकार पूर्ण, असं ब्राझीलच्या रेसिफेमधल्या डासांत दिसलं. आपल्याकडे कोचीत १९९० च्या दशकात हाच जिवाणू एकटा वारंवार फवारल्यावर क्युलेक्सनं त्याला दाद देणं सोडलं. यावरचा सर्वांत यशस्वी उपाय मला फेडेरिसी यांच्या रिव्हरसाइडच्याच गटाचा वाटतो. त्यांनी बिनच्या रचनेत काहीही न बदलता ते बीटीआयमध्येच घातलं, सायट१एएचे प्रवर्तक (जनुक चालू करणारे डीएनए-क्रम) आणि आरएनए टिकवणारा स्टॅब-एसडी हा क्रम जोडून उत्पादन प्रचंड वाढवलं, आणि क्युलेक्सवरची ताकद प्रचलित वाणांच्या दहापटींहून पुढे नेली. एकही अमिनो आम्ल न बदलता. लूप खोदत बसण्याआधी प्रवर्तक बदलून पाहा, हे मी कुणालाही सांगेन.

प्रयोगशाळेतलं यश पाण्यात उतरवताना दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे सूर्यप्रकाश आणि गाळ: स्फटिक तळाला जातात, तर अ‍ॅनाफिलीस पृष्ठभागावर खातो. यासाठी इस्रायलमध्ये अ‍ॅनाबिना या तरंगणाऱ्या नील-हरित शैवालात क्राय४एए, क्राय११एए आणि पी२० घालून पाहिलं गेलं. गोव्यात अ‍ॅनाफिलीस स्टिफेन्सीवर बीटीआयच्या क्षेत्रचाचण्या झाल्या, त्यात अप्लोकायलस ब्लॉकाय या स्थानिक अळीभक्षक माशाची जोड दिली होती. तशी जोड अजूनही शहाणपणाची आहे. दुसरी गोष्ट कायद्याची. भारतात जनुकबदल केलेला जिवाणू प्रयोगशाळेत हाताळायलाही १९८९ च्या नियमांखाली संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. तो उघड्या पाण्यात सोडायचा तर जीईएसीपर्यंत (केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीपर्यंत) जावं लागतं, आणि विकायचा तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी हवी. एरिथ्रोमायसिनचं प्रतिकार जनुक घेऊन तिथवर पोचता येणार नाही. म्हणून ते काढता येईल अशी सोय पहिल्याच प्लास्मिडमध्ये करून ठेवा, किंवा जनुक सरळ गुणसूत्रात बसवा. आणि कायरोनोमिड या न चावणाऱ्या, डासासारख्या माशीच्या अळ्या सुरुवातीपासून चाचणीत धरा. जास्त मात्रेत त्या मूळ बीटीआयनंही मरतात. ग्राहक बदलणाऱ्या प्रत्येक म्युटेशननंतर हा आकडा नव्यानं काढावा लागतो, आणि डॅफ्निया (पाणपिसू) व माशांचे आकडे त्याच्या शेजारी ठेवावे लागतात.